साताऱ्यात माजी सैनिकांसाठी स्वस्त घरांची कॉलनी बांधली तर त्यांची बेघरी कमी होईल का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत माजी सैनिकांची बेघरी निम्म्याहून कमी झाली, तर तशी कॉलनी आपल्या साताऱ्यात का बांधू नये. आणि पेन्शन असताना फौजी बेघर होतोच कसा. मी सुभेदार म्हणून पेन्शनवर आलो. आता आसपासच्या जवानांची, वीरपत्नींची कागदपत्रं लावून देतो. माझं मत विचाराल तर कॉलनी नको. भाड्याला हातभार हवा आणि त्यासोबत पाठपुरावा करणारा एक माणूस हवा.

अमेरिकेत दर जानेवारीत एका रात्री बेघरांची मोजणी होते. 2010 साली त्यात सुमारे 74 हजार माजी सैनिक होते, 2024 साली 32,882. यात मोठा वाटा ‘हड-व्हॅश’ या योजनेचा. योजना 1992 ची, पण खरा पैसा 2008 नंतर आला. तिथलं गृहनिर्माण खातं भाड्याचं व्हाउचर देतं. माजी सैनिक आपल्या उत्पन्नाच्या साधारण 30 टक्के भरतो, उरलेलं भाडं थेट घरमालकाला जातं. घर बहुतेक वेळा चारचौघांसारखं, गावातलंच. आणि माजी सैनिक खात्याचा केस मॅनेजर त्याच्या मागे असतो. दवाखाना, अडकलेले दावे, घरमालकाशी झालेली कुरबुर, सगळं तो बघतो. ‘आधी दारू सोड, मग घर’ अशी अटही नाही. आपल्याकडे हे अनेकांना पटणार नाही, पण उघड्यावर राहून कुणाची सुटलेली मी तरी पाहिली नाही.

आता आपल्याकडचं. अपशिंगे मिलिटरीसारखी फौजींची गावं असलेल्या या जिल्ह्यात माजी सैनिक फूटपाथवर झोपलेला सहसा दिसत नाही. तो भावाच्या पडवीत असतो. अमेरिकेच्या मोजणीतही असा नातेवाइकाकडे टेकलेला माणूस धरत नाहीत, हे लक्षात ठेवा.

माझ्याकडे आलेल्या, नाईक हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या एकांचं सांगतो. पिशवीत डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, बँकेचं पासबुक, सगळं प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळलेलं. पेन्शनवर आले तेव्हा कम्युटेशनचे (पेन्शनचा काही भाग सोडून एकदम मिळणारे) आणि ग्रॅच्युइटीचे पैसे त्यांनी वडिलांच्या जुन्या घरावर स्लॅब टाकायला घातले. घराचा उतारा मात्र वडिलांच्या नावावरच राहिला. वडील गेले, वारसनोंद झाली ती धाकट्या भावाची. हे तेव्हा सिक्युरिटी गार्डच्या नोकरीला पुण्यात. आता बायको नाही, गुडघे गेलेत, आणि स्वतः टाकलेल्या स्लॅबखाली पाहुण्यासारखे राहतात. यांना नवीन फ्लॅट द्यायचा की तलाठी आणि ग्रामसेवकाकडे त्यांच्यासोबत चार हेलपाटे घालायचे? दुसरं काम कितीतरी स्वस्त आहे, पण ते कुणाचंच काम नाही.

योजनांचं म्हणाल तर त्या आहेत, पण नेमक्या माणसाला चुकवून जातात. 2020 पासून माजी सैनिकाला राज्यात घरपट्टी माफ. म्हणजे ज्याचं घर आहे त्याला. आर्मी वेल्फेअर हाउसिंग ऑर्गनायझेशन 1978 पासून ना नफा तत्त्वावर घरं बांधते, पण हप्ता झेपला पाहिजे. ग्रामीण घरकुलात मूळ अनुदान 1 लाख 20 हजारांचं, पण कुटुंबात कुणाचं महिन्याचं उत्पन्न 15 हजारांच्या वर असलं की नाव कटतं. शिपाई म्हणून निवृत्त झालेल्याचं पेन्शनही महागाई भत्त्यासह बहुधा ही रेघ ओलांडतं. मग ग्रामसभेत ऐकायचं, ‘तुम्हाला काय कमी, पेन्शनवाले तुम्ही.’

गंमत म्हणजे अमेरिकेतही हेच झालं होतं. सेवेत जायबंदी झालेल्याला मिळणारी भरपाई उत्पन्न म्हणून धरली जायची आणि जास्त जखमी माणूसच स्वस्त घराला अपात्र ठरायचा. ऑगस्ट 2024 मध्ये हा नियम बदलला. आपल्याला नक्कल करायचीच असेल तर याची करावी.

सगळ्यात वाईट हाल नॉन-पेन्शनरचे. पंधरा वर्षं पुरी न करता घरी आलेले जुने जवान, त्यांच्या विधवा. हवालदारापर्यंतच्या हुद्द्याच्या आणि 65 वर्षांवरच्या अशा लोकांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून पेन्युरी ग्रँट, म्हणजे हलाखीत असलेल्यांसाठीची मदत, मिळते. नोव्हेंबर 2025 पासून ती महिना 4 हजारांवरून 8 हजार झाली. तीस टक्क्यांचा अमेरिकन हिशोब लावला तर त्यातले 2,400 रुपये भाड्याला. वरचा फरक सैनिकांच्या कल्याणासाठी जमणाऱ्या ध्वजदिन निधीतून दिला तर साताऱ्यात सरकारी दवाखान्याजवळ एक खोली नक्की मिळेल. कॉलनी मात्र गावाबाहेर माळावर होणार, कारण जमीन तिथेच स्वस्त. गुडघे गेलेल्या माणसाने तिथून औषध आणायला कसं यायचं?

अग्निवीर हा पुढचा प्रश्न. चार वर्षांनी साधारण 11 लाख 71 हजार हातात, पेन्शन नाही. पंचविशीतल्या पोराला घराची काळजी नसते, पण ते पैसेही वडिलांच्या नावावरच्या घराच्या स्लॅबमध्येच जाणार, असं मला वाटतं.

तुमच्या ओळखीत कुणी असं असेल तर डिस्चार्ज बुक, आधार आणि घराचा उतारा घेऊन आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. उताऱ्यावर नाव नसेल तर वारसनोंदीचा अर्ज त्याच आठवड्यात टाका. आणि त्यांना एकट्याला पाठवू नका, सोबत जा.