आधी पुस्तक की आधी सिनेमा?

प्रश्न : आमच्या वाचनालयात वाचन प्रेरणा दिनापासून, म्हणजे १५ ऑक्टोबरपासून, महिनाभर 'एक पुस्तक, सगळे सभासद' असा उपक्रम घ्यायचं ठरलं आहे. त्याच पुस्तकावरचा सिनेमाही वरच्या सभागृहात दाखवणार आहोत. कार्यकारिणीत दोन तट पडले आहेत. ज्येष्ठ म्हणतात, सिनेमा शेवटी दाखवा, नाहीतर पुस्तकाला कोणी हात लावणार नाही. तुम्ही काय सांगाल? आणि पुस्तक कोणतं घ्यावं? — एक कार्यवाह, मुलुंड

उत्तर : सिनेमा आधी दाखवा. ज्येष्ठांना हे रुचणार नाही हे ठाऊक आहे, पण मी नोकरीभर देवघेवीच्या काउंटरमागे बसले आहे. 'शाळा' पडद्यावर आला तेव्हा मिलिंद बोकिलांची कादंबरी मागायला आलेल्या कित्येक मुलामुलींना मी त्याआधी वाचनालयात पाहिलंही नव्हतं. 'दुनियादारी'च्या वेळी तर सुहास शिरवळकरांच्या कादंबरीची आमची प्रत इतकी फिरली की बाइंडिंगला पाठवावी लागली. सिनेमा बक्षीस म्हणून शेवटी ठेवलात तर सभागृहात नेहमीचेच चेहरे दिसतील. ते सिनेमा नसता तरी वाचणारच होते. उपक्रम त्यांच्यासाठी करताय का, हे आधी कार्यकारिणीत विचारा.

मात्र खेळ सुटताना दारातच टेबल हवं, त्यावर पुस्तकाच्या प्रती आणि नोंदवही हवी. "उद्या काउंटरवर या" म्हणालात की संपलं. उद्या तो माणूस सकाळी साडेसातच्या गाडीत असतो आणि परत येईपर्यंत तुमचं कुलूप लागलेलं असतं. सभासद नसलेल्यांनाही थोडी अनामत घेऊन ते एक पुस्तक नेऊ द्या. नियम आडवा येत असेल तर महिनाभरापुरता ठराव करून घ्या, कार्यवाह तुम्हीच आहात!

सिनेमा संपल्या संपल्या चर्चा ठेवू नका. त्या चर्चेत अमक्याचं काम छान झालं, तमकीची साडी त्या काळातली वाटत नाही, यापलीकडे फारसं काही होत नाही, आणि निम्मे लोक चपला शोधत असतात. चर्चा तीन आठवड्यांनी घ्या आणि ती पुस्तकावरच घ्या. सुरुवातीला ज्याने अर्धंच वाचलं आहे त्याला बोलू द्या. समीक्षक मंडळींना शेवटी.

आता पुस्तक. ते आवडीवरून नाही, प्रतींवरून ठरवा. वाचनालयाकडे एका कादंबरीच्या एक-दोन प्रती असतात आणि त्यातली एक कोणाकडे तरी थकलेली असते. शेजारच्या वाचनालयांकडून मागा, सभासदांना घरच्या प्रती महिनाभर द्यायला सांगा, नावाची चिठ्ठी आत चिकटवा. एवढं करूनही जेमतेमच प्रती जमल्या तर दुसरं पुस्तक घ्या.

मला विचाराल तर मुंबईत 'सिंहासन' घ्यावा. जब्बार पटेलांचा हा सिनेमा १९७९ चा, पटकथा विजय तेंडुलकरांची. तो अरुण साधूंच्या एका नाही, दोन कादंबऱ्यांवर बेतलेला आहे, 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन'. म्हणजे फिरवायला दोन पुस्तकं मिळाली, एकाला 'मुंबई दिनांक' द्या, दुसऱ्याला 'सिंहासन'. दोघं चर्चेला आले की सिनेमातलं काय कुठून आलं यावर आपोआप जुंपते, सूत्रसंचालकाला फार काही करावं लागत नाही. शिवाय मंत्रालय, कामगार पुढारी, बातमीसाठी धावणारा पत्रकार हे सगळं तुमच्या सभासदांच्या शहरातलं. माझ्या ओळखीचे एक निवृत्त गिरणी कामगार असे सिनेमे खुर्चीच्या कडेवर बसून बघतात.

दुसरा पर्याय 'उंबरठा', १९८२. इथे एक गोची आहे. सिनेमा शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवर आहे, आणि काउंटरवर लोक 'उंबरठा' मागतात. यादीत ते नाव सापडत नाही, मग "नाही हो आमच्याकडे" असं उत्तर मिळतं. तेव्हा पुस्तकाच्या वेष्टनावर 'उंबरठा चित्रपट या कादंबरीवरून' अशी पट्टी लावा. 'श्यामची आई' मात्र टाळा. ती सगळ्यांनी वाचलेली असते, निदान तसं सगळ्यांना वाटत असतं.

खेळ शनिवारी संध्याकाळी ठेवा. रविवारी मेगाब्लॉक असला की भांडुप-घाटकोपरहून येणारे घरीच बसतात. चित्रापेक्षा आवाजाची काळजी करा. जुन्या सभागृहांत छत उंच आणि पंखे खडखडणारे, त्यामुळे चाचणी पंखे चालू ठेवून आणि शेवटच्या रांगेत बसून घ्या. मध्यंतर हवंच. तुमच्या ज्येष्ठांचा विरोध तिथेच निम्मा मावळेल.

प्रश्न : वाचनालयाने सिनेमे दाखवणं म्हणजे वाचनाने हार मानल्यासारखंच नाही का? — एक आजीव सभासद, गिरगाव

उत्तर : तुमच्याच गिरगावात, कोरोनेशन थिएटरमध्ये, ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. त्यानंतरही गिरगाव वाचत राहिलं की! अख्ख्या शहराने मिळून एक पुस्तक वाचायची कल्पना १९९८ साली अमेरिकेत सिएटलच्या सार्वजनिक ग्रंथालयातून निघाली. नॅन्सी पर्ल या ग्रंथपाल बाईंनी पहिल्याच वर्षी रसेल बँक्स यांची जी कादंबरी निवडली, तिच्यावरचा सिनेमा वर्षभरापूर्वीच येऊन गेला होता. बाईंना त्यात हार दिसली नाही, मलाही दिसत नाही. तुम्ही खेळाला याच.

प्रश्न : आम्ही तिकीट लावत नाही, बघणारेही सभासदच. एकाच्या ओटीटी खात्यावरून प्रोजेक्टरला जोडून दाखवलं तर काय बिघडतं? — वाचनालय कर्मचारी, बोरिवली

उत्तर : बिघडतं. ते खातं घरी बघण्यासाठी असतं, सभागृहासाठी नाही. डीव्हीडीचंही तेच, वेष्टनावर बारीक अक्षरांत छापलेलं असतं. लोकांचा गोंधळ होतो तो कॉपीराइट कायदा, १९५७ मधल्या एका सवलतीमुळे. हौशी मंडळाने विनाशुल्क प्रेक्षकांसमोर साहित्यकृती, नाटक किंवा संगीत सादर केलं तर त्याला कलम ५२ मध्ये मोकळीक आहे. त्यात चित्रपट नाही. म्हणजे तुमच्या मंडळींनी कादंबरीचं विनाशुल्क अभिवाचन केलं तर त्या सवलतीत बसतं, सिनेमा लावला तर नाही. (अभिवाचनाचा विचार जरूर करा, प्रोजेक्टरचं भाडंही वाचेल.)

चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. त्यामुळे फार जुने सिनेमे मोकळे झालेत असं वाटतं, पण पटकथा आणि गाण्यांचा हिशेब वेगळा असतो, लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. तेवढं तपासा.

परवानगी मागणं वाटतं तितकं अवघड नाही. सिनेमाच्या सुरुवातीला सेन्सॉर प्रमाणपत्र दिसतं, त्यावर निर्मात्याचं नाव असतं. तिथून सुरुवात करा. हक्क पुढे दुसऱ्या कंपनीला विकलेले असतात, त्यामुळे दोन-तीन फोन लागतात. एखाद्या फिल्म सोसायटीची मदत घेता आली तर उत्तम. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून आहे, आणि कोणाला विचारायचं हे सोसायटीवाल्यांना नेमकं ठाऊक असतं. पत्रात तारीख, सभागृह, खुर्च्यांची संख्या, प्रवेश विनामूल्य आणि एकच खेळ, एवढं स्पष्ट लिहा. वाचनालयासाठी आहे म्हटल्यावर नाममात्र रकमेत हो म्हणणारे निर्माते मला भेटले आहेत. उत्तर फोनवर नको, लेखी घ्या आणि फाइलला लावा. पुढच्या निवडणुकीत कार्यकारिणी बदलली की नवा खजिनदार ते पहिल्याच बैठकीत मागतो.