वाचकांचे प्रश्न : टाकी फुल्ल केली की पेट्रोलचा वास, पण थेंब कुठंच नाही

प्रश्न : नमस्कार दादा, जुळे सोलापूरला राहतो, माझी २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक आहे. टाकी फुल्ल केली की दोन-तीन दिवस गाडीत वास येतो, मागं बसणाऱ्यांना जास्त. टाकी अर्धी झाली की वास जातो. खाली बघितलं तर एक थेंब पण नाही. आणि पेट्रोल भरून निघताना गाडी लवकर चालू होत नाही, दोन-तीनदा सेल्फ मारावा लागतो. गॅरेजवाला म्हणतो आधी टाकीतला पेट्रोल पंप बदलू, नाही जमलं तर टाकी. खर्च बराच सांगतोय. बदलू का?

उत्तर : थांबा, आत्ता लगेच काही बदलू नका. तुम्ही जे लिहिलंय त्यातच निम्मं उत्तर आहे. थेंब नाही पण वास आहे म्हणजे पेट्रोल नाही तर पेट्रोलची वाफ गळतीय, आणि ती टाकीच्या वरच्या बाजूनं.

टाकीतली वाफ बाहेर जाऊ नये म्हणून एका नळीनं ती कॅनिस्टरमध्ये नेलेली असते. कॅनिस्टर म्हणजे कोळशाच्या दाण्यांनी भरलेला प्लास्टिकचा डबा, तो वाफ टिपकागदासारखी धरून ठेवतो, मग इंजिन गरम झालं की पर्ज व्हॉल्व्ह उघडतो आणि ती वाफ इंजिनात जाऊन जळते. आता आपल्याकडं एप्रिल-मेत पारा ४० च्या वर, गाडी दिवसभर उन्हात, टाकी तापली की वाफ पण तेवढीच जास्त होणार, त्यामुळं थंडीत लपलेली गळती उन्हाळ्यात वर येते.

तुमचे त्रास दोन आहेत आणि बहुतेक कारणं पण दोन असणार. भरल्यावर स्टार्ट होत नाही यात पहिला संशय पर्ज व्हॉल्व्हवर. तो उघडा अडकला की भरताना टाकीतून ढकललेली वाफ थेट इंजिनात जाते आणि स्टार्टला पेट्रोल-हवेचं मिश्रण फार दाट होतं. तपासायला सोपं आहे बघा. इंजिन थंड आणि बंद असताना व्हॉल्व्हचा प्लग आणि नळ्या काढायच्या आणि कॅनिस्टरच्या बाजूनं दाबायच्या रबरी फुग्यानं हवा द्यायची (तोंडानं नको, वाफ छातीत जाते). करंट नसताना हवा पलीकडं जायलाच नको. गेली तर व्हॉल्व्ह खराब, आणि पंपाच्या मानानं हे काम बरंच स्वस्तात होतं.

आता वास. मागच्या सीटवर जास्त आणि फुल्ल टाकीलाच, म्हणजे मागची सीट उचलून खालचं झाकण काढायला लावा. तिथं पंपाचा गोल माथा दिसतो, त्याच्या कडेला धूळ चिकटून काळपट ओलसर वर्तुळ झालं असेल तर ओ-रिंग, म्हणजे माथ्याखालची गोल रबरी रिंग, गेलीय. पंप चांगला असतो पण रिंगपायी अख्खा पंप बदलला जातो याचं मला खरंच वाईट वाटतं. पूर्वी कधी पंप काढून जुनीच रिंग परत बसवली असेल तर शक्यता अजून वाढते, कारण पेट्रोलनं फुगलेली रिंग परत नीट बसत नाही. पंप उघडायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची आणि काम मोकळ्या जागेत करायचं, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, बंद शेडमध्ये जमिनीलगत साठते आणि एक ठिणगी पुरते. इथं अजिबात चालढकल नको.

रिंग चांगली निघाली तर भरायच्या तोंडापासून टाकीपर्यंतचा रबरी पाईप, त्याचे क्लॅम्प आणि झाकणाचं रबर बघा, आणि बारीक नळ्या पण, उंदीर कुरतडतात. तरी सापडलं नाही तर स्मोक टेस्ट करणारं गॅरेज शोधा. मशीन अगदी कमी दाबानं, १ पीएसआयच्या आत, धूर सोडतं आणि जिथं फट तिथून धूर येतो. टायरचा कॉम्प्रेसर टाकीला लावून फुंकणारे भेटतात, त्यांना हात लावू देऊ नका, टाकी फाटू शकते. प्लास्टिकच्या टाकीला एम-सील पण टिकत नाही. नळी बदलायची तर इंधनाचीच घ्या, पाण्याची चालत नाही.

गॅरेजवाले स्कॅनर लावून ‘बिघाडाचा कोड नाही म्हणजे गळती नाही’ म्हणाले तर ऐकू नका. अमेरिकेतल्या गाड्या टाकी स्वतः तपासतात, पी ०४५६ हा कोड साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्राला पण येतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ही तपासणी नसतेच, डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा लागणारच नाही.

आणि एक विनंती. नोझल कट झाल्यावर पोरगा विचारतो ना, ‘राऊंड फिगर करू का?’, तिथं नाही म्हणा. वरून कोंबलेलं पेट्रोल कॅनिस्टरमध्ये शिरतं, कोळसा भिजला की तो वाफ धरत नाही, आणि मग कॅनिस्टरच बदलावा लागतो.

प्रश्न : टाकीचं झाकण उघडलं की फुस्स आवाज येतो, खराब झालंय का? (होटगी रोडवरून एक ताई)

उत्तर : नाही ताई, उन्हात उभ्या गाडीत थोडा दाब होतोच, आवाज येतो म्हणजे झाकण नीट बसतंय. आवाज फार जोराचा असेल, किंवा नोझल सारखी कट होऊन पेट्रोल भरायलाच वेळ लागत असेल, तर मात्र कॅनिस्टरची हवेची वाट तुंबलीय का ते बघून घ्या.