गॅरेजमध्ये बाथरूम काढायचंय, फरशी अजून फोडलेली नाही. बाहेरचा सांडपाण्याचा चेंबर ९ मीटरवर आहे, झाकणापासून ६० सेंमी खोल, आणि गॅरेजची जमीन झाकणापेक्षा १५ सेंमी खाली. पाइप कोणत्या मापाचे घेऊ आणि सुरुवात कुठून करू?

पाइप आणायची घाई करू नका. आधी चेंबर उघडा. मी माझ्या गॅरेजमध्ये हे काम केलं तेव्हा कमोड कुठे शोभेल इथून सुरुवात केली होती. खरं तर कमोडची जागा चेंबर ठरवतो.

तुम्ही दिलेले आकडे चांगले आहेत. चेंबर ९ मीटरवर, पाणी वाहतं ती पन्हळ झाकणापासून ६० सेंमी खोल, आणि गॅरेजची जमीन झाकणापेक्षा १५ सेंमी खाली. आता हिशेब बघा. ११० मिमी पाइपाला १:५० ढाळ धरला, म्हणजे मीटरमागे २ सेंमी, तर ९ मीटरला १८ सेंमी लागतात. कमोडखालचा बेंड, पाइपाची जाडी आणि वरचा कोबा मिळून सुरुवातीलाच साधारण ३५ सेंमी जातात. एकूण ५३. तुमच्या हातात मात्र ६० वजा १५, म्हणजे ४५ सेंमीच आहेत. आहे त्या जमिनीवर हे जमणार नाही. ढाळ कमी करून ते जमवू असं कोणी म्हणालं तर ऐकू नका; मैला पाइपात साचत जातो आणि वर्षभरात पुन्हा तीच फरशी फोडावी लागते.

दुसरी अडचण याच १५ सेंमीमध्ये लपलेली आहे. पुढची लाइन कधी तुंबली, तर पाणी सर्वात खालच्या तोंडातून बाहेर येतं. तुमच्याकडे ते चेंबरच्या झाकणातून नाही, शॉवरच्या जाळीतून येईल.

म्हणून माझं मत: बाथरूमपुरती जमीन २० सेंमी उचला. एक पायरी होईल, एवढंच. हातात ६५ सेंमी येतात, चेंबरमध्ये पाइप पन्हळीच्या जरा वर उतरवायला वाव राहतो, आणि तुंबलंच तर पाणी अंगणात सांडतं. शिवाय बरेच पाइप भरावातच बसतात, खणणं कमी होतं. फक्त छताची उंची आधी मोजा. कमोड बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर पी-ट्रॅपचा, म्हणजे मागे तोंड असलेला, घेतला की पाइप भिंतीतून थेट बाहेर काढता येतो, तेही उत्तम. मैला दळून वर ढकलणारा पंप हा अगदी शेवटचा पर्याय. वीज गेली की कमोड बंद.

आता मापं. कमोडपासून चेंबरपर्यंत ११० मिमी, नहाणी ट्रॅपला (जाळीखालचं, पाणी धरून वास अडवणारं वळण) ७५, बेसिनला ४०. कमोडच्या आत स्वतःचा ट्रॅप असतोच, त्याच्याखाली आणखी एक बसवू नका. जमिनीत आडव्या लाइनला वळवताना ९० अंशाचा बेंड टाळा. ४५ चे दोन टाका आणि जोड वायने (Y आकाराच्या तुकड्याने) घ्या. वळणाजवळ साफ करायला झाकणाचं तोंड ठेवा, आणि ते फरशीखाली गाडू नका (हसू नका, गाडतात).

व्हेंट, म्हणजे हवेचा पाइप, बरेच जण वाचवतात. कमोडचं पाणी एकदम खाली जाताना मागे हवा खेचतं. ती वरून मिळाली नाही तर नहाणी ट्रॅपमधलं पाणी ओढून घेतं आणि मग खोलीत वास सुरू. निदान ५० मिमीचा पाइप छताच्या वर काढा. ट्रॅपमध्ये ५० मिमी पाणी उभं राहायला हवं. बाथरूम क्वचित वापरणार असाल तर ते सुकतंही, तेव्हा अधूनमधून एक तांब्या ओतत जा.

माझी स्वतःची चूक सांगतो. माझ्या खाली तोंड असलेल्या कमोडच्या पाइपाचा मध्य मागच्या भिंतीपासून ३०० मिमीवर लागत होता. मी ते उघड्या विटांपासून मोजलं. प्लास्टर आणि टाइल्सनी ३ सेंमी खाल्ले, टाकी भिंतीला टेकून कमोड बसेना, शेवटी तिरका कनेक्टर लावून भागवलं. तुम्ही तयार भिंतीपासून मोजा. बाजूला मध्यापासून भिंतीपर्यंत निदान ३८० मिमी सोडा.

फोडण्याआधी स्लॅब ताणलेल्या तारांचा किंवा खाली तळघर असलेला नाही ना, हे इंजिनिअरला विचारा. चरात आधी वाळू, मग पाइप. दगड पाइपाला टेकता कामा नये. झाकण्यापूर्वी खालचं तोंड बंद करून लाइन पाण्याने भरा, पातळीवर खूण करा आणि रात्रभर ठेवा. खूण हलली नाही तरच कोबा. त्याआधी टेप ठेवून फोटोही काढून घ्या.

एक राहिलंच: ते ९ मीटर सरळ मोजलेत की पाइप जाईल त्या वाटेने? वळसा १२ मीटरचा असेल तर ढाळाला २४ सेंमी जातील, एकूण ५९. जमीन उचलून तेही बसतं, पण १५ मीटरला ६५ च्या ६५ संपतात.