‘अडकतात’ की ‘चिकटतात’?

हिवतापावर मराठीत लिहिताना ‘परजीवी शिरलेल्या तांबड्या पेशी रक्तवाहिन्यांत अडकतात’ असे म्हणावे की ‘चिकटतात’ असे म्हणावे, अशी विचारणा एका वाचकाने केली आहे. प्लास्मोडियम फाल्सिपेरम या हिवतापाच्या परजीवीच्या जातीच्या संदर्भात ‘चिकटतात’ हेच योग्य, असे माझे स्पष्ट मत आहे.

पतंग तारेत अडकतो तेव्हा तारेला काहीच करावे लागत नाही. येथे मात्र दोन्ही बाजूंचा सहभाग असतो. पेशीत शिरलेला परजीवी आपले एक प्रथिन तिच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म उंचवट्यांवर आणून बसवतो आणि रक्तवाहिनीच्या अस्तरपेशींवरील सीडी३६, आयकॅम-१ यांसारख्या रेणूंशी ते जुळते. शरीरात दाह असला की अस्तरपेशींवर आयकॅम-१ अधिक प्रमाणात येतो. म्हणजे किती पेशी चिकटणार हे काही अंशी त्या अस्तरावरही ठरते.

या चिकटण्याचा परजीवीच्या वाढीशी थेट संबंध आहे. तांबड्या पेशीतील त्याचे चक्र सुमारे ४८ तासांचे असते. आरंभी अंगठीच्या आकाराचा असताना तो रक्ताबरोबर फिरतो. पुढे ग्रस्त पेशी ताठर होते आणि प्लीहेतून जाताना गाळली जाण्याची भीती असते, ती चिकटून राहिल्याने टळते. म्हणूनच बोटाला टोचून घेतलेल्या रक्ताच्या काचपट्टीवर बहुधा अंगठ्याच दिसतात आणि त्यांच्या संख्येवरून शरीरातील एकूण परजीवींचा अंदाज बांधणे धोक्याचे ठरते. ‘वाढ’ हा शब्दही येथे जपून वापरावा, कारण एका परजीवीचे पक्व होणे वेगळे आणि त्याचे विभाजन होऊन अनेक परजीवी निर्माण होणे वेगळे. दुसऱ्या अर्थी ‘संख्यावाढ’ लिहिल्यास घोटाळा होत नाही.

काही लेखांत ‘दबा धरून बसतात’ असेही आढळते. ते मला पटत नाही, कारण दबा धरणारा संधीची वाट पाहत असतो, तर हा परजीवी त्याच जागी पोसला जात असतो. सर्वसामान्य वाचकांसाठी लिहिताना ‘ठाण मांडतात’ चालेल.

चिकटलेल्या पेशींमुळे मेंदूतील केशवाहिन्या अरुंद होतात, तेव्हा मागून येणारे रक्त खरोखरच अडते. त्या वर्णनात ‘अडणे’ हे क्रियापद अवश्य वापरावे, मात्र त्याचा कर्ता ‘रक्त’ असावा.