मानेतली नस आणि डोकेदुखी

प्रश्न : मानेतील नस दबल्याचे निदान होऊन दोन महिने झाले. मानेतून निघणारी कळ डोळ्यामागे पोहोचते आणि रोज वेदनाशामक गोळी घ्यावी लागते. काय करावे?

उत्तर : मानेत ७ मणके आणि नसांच्या ८ जोड्या असतात. खालच्या नसा दबल्या, तर वेदना व मुंग्या हातात उतरतात. डोके मात्र बहुधा वरच्या ३ नसांमुळे दुखते, कारण या नसांचे आणि चेहऱ्याच्या नसेचे संदेश मेंदूच्या तळाशी एकत्र येतात. म्हणून आपली नेमकी कोणती नस दबली आहे, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. मला अधिक काळजी वाटते ती रोजच्या गोळीची. महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, असे ३ महिन्यांहून जास्त काळ साधी वेदनाशामके घेतल्यास त्यांच्यामुळेच डोकेदुखी जडू शकते. ही गोळी कशी कमी करावी, हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. मान सतत पट्ट्यात जखडून न ठेवता फिजिओथेरपिस्टकडून हलके व्यायाम शिकावेत आणि पालथे झोपणे टाळावे. हाताची पकड सैल होऊ लागली, चालताना तोल जाऊ लागला किंवा लघवीवरील ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.