चोरी की उसनवारी?

प्रश्न : मी एका शाळेत हार्मोनियम शिकवतो. ‘छाया’ (१९६१) या चित्रपटातील ‘इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा’ या गाण्याचा मुखडा मोझार्टच्या सिंफनीवरून (वाद्यवृंदासाठीच्या अनेक भागांच्या रचनेवरून) घेतला आहे, असे सांगताच विद्यार्थ्यांनी विचारले, ‘म्हणजे सर, चोरीच ना?’ त्यांना काय सांगावे? शिवाय स्नेहसंमेलनात मूळ सिंफनीतला तुकडा वाजवायचा तर परवानगी लागेल का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : सलील चौधरी यांनी तो मुखडा मोझार्टच्या ४०व्या सिंफनीच्या आरंभावरून घेतला, हे खरेच आहे, मात्र निवाडा करण्यापूर्वी विद्यार्थ्यांना त्या सिंफनीचा पुढचा प्रवास सांगावा. १७८८ साली व्हिएन्नात पूर्ण झालेल्या या रचनेत मोझार्टने स्वतःच नंतर क्लॅरिनेटची भर घातली, त्यामुळे ‘मूळ’ म्हणावीत अशी तिची दोन रूपे आहेत. पाचव्या सिंफनीवर काम करत असताना बेथोव्हनने हिच्या शेवटच्या भागातील २९ बार (ठरावीक मात्रांचे गट) आपल्या वहीत उतरवून घेतले होते. त्याच्या त्या पाचव्या सिंफनीच्या तिसऱ्या भागाचा आरंभ जवळपास त्याच चढत्या सुरांनी होतो. पण पट्टी निराळी, ठेका तीन मात्रांचा आणि सूर दबका असल्याने, कोणी सांगितल्याशिवाय हे नाते ध्यानात येत नाही. उसने घेतलेले पचवणे म्हणतात ते हेच.

याउलट अर्जेंटिनाचे संगीतकार वाल्दो दे लोस रिओस यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी मोझार्टच्या याच सिंफनीच्या पहिल्या भागाला ड्रमची साथ जोडली. मूळ रचनेत व्हायोलिनची धून येण्यापूर्वीच खाली व्हायोलांची (व्हायोलिनहून थोड्या मोठ्या, खालच्या सुरांच्या वाद्यांची) थरथर सुरू झालेली असते. साऱ्या बेचैनीचे मूळ तिथे आहे, आणि ड्रमच्या ठेक्याखाली नेमकी तीच हरवते, असे मला वाटते. (तबकडी मात्र युरोपात धडाक्याने खपली.)

सप्ताहात आपली भजनी मंडळे एकच अभंग निरनिराळ्या चालींत म्हणतात. तिथे शब्द राहतात आणि चाल बदलते. सलीलदांनी चालीचा आरंभ तेवढा ठेवला, तो हिंदी शब्दांच्या वजनात बसवला आणि तलत-लता यांच्या गळ्यांसाठी पुढचे गाणे स्वतः बांधले. माझ्या मते ही चोरी नव्हे; ऋण मात्र उघड सांगितले पाहिजे, आणि वर्गात आपण ते सांगितलेच आहे.

परवानगीचे म्हणाल, तर १९५७च्या कायद्यानुसार स्वामित्वहक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो आणि मोझार्ट १७९१ मध्येच गेला. त्यामुळे मूळ स्वरलिपीवरून वाजवायला परवानगी लागत नाही. एखाद्या वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रणाचा हक्क मात्र वेगळा असतो. व्हायोलांची थरथर दुसऱ्या पेटीवर द्यावी, कारण वाजवणाऱ्याचा डावा हात भात्यात गुंतलेला असतो.