अमेरिकन रेड क्रॉसच्या संस्थापक क्लारा बार्टन यांची खासगी कागदपत्रं कुठे आहेत? त्यांचा संपर्क कोणाकोणाशी होता?

बहुतेक वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये. डायऱ्या, पत्रं ऑनलाइन फुकट वाचता येतात. बाईंच्या ओळखी दांडग्या: सिनेटर हेन्री विल्सन, स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या सुझन अँथनी, जर्मनीतल्या बाडेन संस्थानची ग्रँड डचेस लुईझ.

पण मला विचाराल तर खरा ऐवज अनोळखी माणसांशी झालेल्या पत्रव्यवहारात आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धानंतर बेपत्ता सैनिकांच्या घरच्यांची पत्रं बार्टनबाईंना येत. १८६५ ते १८६८ मध्ये बाईंच्या बेपत्ता सैनिक शोध कार्यालयाने ६३,००० हून जास्त पत्रांना उत्तरं दिली, २२,००० वर सैनिकांचा छडा लावला. डोरेन्स अॅटवॉटर या कोवळ्या युद्धकैद्याने दक्षिणेच्या बंडखोर राज्यांच्या अँडरसनव्हिल युद्धकैदी तुरुंगातल्या सुमारे १३,००० मृतांची यादी चोरून उतरवली होती, तीही कामी आली.

हे कार्यालय मात्र विस्मृतीत गेलं. १९९० च्या दशकात पाडायला काढलेल्या इमारतीच्या माळ्यावर त्याची पत्र्याची पाटी सापडली: 'तिसरा मजला, खोली ९, मिस क्लारा बार्टन'.